ऑस्करच्या अंगावरचे पांढरे ठिपके

जुलैच्या पावसात डिचोलीला आमच्या टाकीतला फूटभर ऑस्कर मासा दगडावर अंग घासू लागला. परांवर रव्यासारखे ठिपके. हा ‘इक’ परजीवी कातडीखाली असेपर्यंत औषधाला दाद देत नाही, बाहेर पडून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो. पहिल्या खेपेस ठिपके जाताच मी उपचार थांबवले, चार दिवसांत ते परतले.

मग हीटरने हळूहळू पाणी ३० अंशांवर नेलं, त्याने परजीवीचं चक्र लवकर फिरतं. ३०० लिटरला ६०० ग्रॅम खडेमीठ, तीन दिवसांत विरघळवून. गरम पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून एअर पंप अखंड. तळ रोज सायफनने साफ. असे १४ दिवस.

सातव्या दिवशी त्याने हातातलं सुंगट (कोळंबी) ओढून घेतलं, तेव्हा जीवात जीव आला.

आता नवा मासा आधी महिनाभर वेगळ्या टाकीत.