हॉरर फिल्मची पहिली दोन मिनिटं: या चुका कागदावरच टाळा

दिवाळीच्या सुट्टीत चार मुलं एक वही घेऊन माझ्याकडे आली. केंब्रिज इंटरनॅशनल बोर्डाच्या मीडिया स्टडीजचं कोर्सवर्क होतं: एका नव्या काल्पनिक चित्रपटाची सुरुवात, टायटल्ससकट, जास्तीत जास्त २ मिनिटं. वहीत ५२ शॉट्स लिहिलेले होते. पहिल्या पानावर मुलगी जुन्या वाड्यात शिरते आणि शेवटच्या पानावर भूत तिला मारतं. मी त्यांना फक्त भागाकार करायला लावला. १२० सेकंदांत ५२ शॉट्स, म्हणजे एका शॉटला जेमतेम सव्वादोन सेकंद. प्रेक्षकाला खोली नीट दिसायच्या आत ती संपलेली. घाबरायला त्याला वेळच मिळत नाही.

बडोद्यात गेली काही वर्षं मी अशा मुलांना मदत करतो आहे. मुलं जीव तोडून काम करतात, रात्र रात्र जागतात, आणि तरी फिल्म फसते. ती बहुतेक वेळा कॅमेरा हातात घेण्याआधीच फसलेली असते. म्हणून हे लिहितो आहे.

सगळी गोष्ट दोन मिनिटांत कोंबणं

ही सगळ्यात मोठी चूक. मागितलेली असते सुरुवात, आणि मुलं करतात लघुपट किंवा ट्रेलर. सुरुवातीचं काम एवढंच की हे जग कसं आहे, इथे कोण राहतं आणि काय बिनसलंय, हे प्रेक्षकाला कळावं. आणि एक प्रश्न त्याच्या मनात अडकून राहावा. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी कथेतल्या अशा न सुटलेल्या कोड्यालाच हर्मेन्युटिक कोड म्हटलं. तुमच्या फिल्ममधला तो प्रश्न एका ओळीत लिहिता येतो का, ते आधी बघा. 'भूत आहे' हा प्रश्न नाही. 'आजी रोज रात्री एक ताट जास्त का वाढते?' हा प्रश्न आहे.

भूत मरणं, मारणं, दिसणं यातलं काहीही पहिल्या दोन मिनिटांत नको. दिसलेलं भूत लगेच मापात येतं.

उसनं भूत

पांढरी साडी, मोकळे केस, तुटकी बाहुली, आरशात मागे उभं असलेलं कोणीतरी, आणि शेवटी दचकून जाग. दर वर्षी हेच. मराठी घरातल्या मुलांनी हे उसनं का आणावं? आपल्याकडे हडळ आहे, पिंपळावरचा मुंजा आहे, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात कामाचा, चकवा आहे. चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. त्याला मेकअप लागत नाही, रक्त लागत नाही. बडोद्याच्या जुन्या पोळमध्ये, म्हणजे अरुंद गल्लीतल्या वस्तीत, एक मुलगा दूध घेऊन घरी निघालाय. तोच ओटा तीनदा लागतो. पहिल्या वेळी ओट्यावर एक चप्पलजोड, दुसऱ्या वेळी दोन, तिसऱ्या वेळी त्याच्याच पायात काही नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर तसाच ठेवायचा, रेकॉर्डिंग थांबवायचं, वस्तू बदलायची, पुन्हा सुरू करायचं. सिनेमाच्या बाल्यावस्थेतली ही युक्ती आहे. दादासाहेब फाळके ज्या शहराच्या कलाभवनात शिकले, तिथल्या मुलांनी ती जरूर करून बघावी.

त्या चौघांना मी दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या वाड्यात नेलं. मुलं माळ्यावर, जिन्याखाली भीतीदायक कोपरे शोधत होती. घरच्या काकू चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "झोपाळ्यावर बसा हवं तर, पण उठताना कडी अडकवा हं बाळांनो. रिकामा हलता ठेवायचा नाही."

"का हो काकू?"

"का म्हणजे? आमच्या सासूबाई सांगायच्या. आम्ही नाही कधी विचारलं."

काकू आत गेल्या. झोपाळ्याच्या पितळी कड्या माणसांच्या हाताने घासून मधोमध पिवळ्याधमक झाल्या होत्या, वर मात्र काळ्या. आढ्यातला हूक प्रत्येक हेलकाव्याला एकदाच, परतताना, कुरकुरायचा. मुलं गप्प बसून ऐकत राहिली. त्या संध्याकाळी ५२ शॉट्सची वही बाजूला पडली आणि १९ शॉट्सची नवी यादी तयार झाली. पहिला शॉट बारा सेकंदांचा: अडकवलेली कडी आणि स्थिर झोपाळा. शेवटचा: तीच कडी, सुटलेली.

इथे गुणांचाही एक मुद्दा आहे. फिल्मसोबत जे आत्मपरीक्षण द्यायचं असतं, त्यात तुम्ही समाजगटांचं चित्रण कसं केलंत हे विचारतात. विधवेला चेटकीण केली, वेड लागलेल्या माणसाला राक्षस केलं, घरकामाच्या बाईला जादूटोणा करायला लावला, तर त्याचं उत्तर तुमच्याकडे हवं. मला विचाराल तर ते करूच नका. दुखावलेल्या माणसांनाच भूत करणं ही जुनी खोड आहे, ती सोडायला कोर्सवर्क ही चांगली संधी आहे.

जागा, तारीख, परवानगी

तांबेकर वाडा सगळ्यांना सुचतो. भित्तिचित्रांचा तो वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. आधी परवानगी काढल्याशिवाय तिथे चित्रीकरणाचा बेत आखू नका. विश्वामित्रीच्या काठावर रात्री अजिबात जायचं नाही. नदीत मगरी आहेत, आणि कुठलाही शॉट त्या मोलाचा नाही. नवरात्राच्या नऊ रात्री गरब्याचा आवाज बंद खिडकीतूनही आत येतो. उत्तरायणाच्या आसपास गच्चीवरच्या प्रत्येक फ्रेममध्ये मांजा लोंबतो. खोटा सुरा घेऊन गल्लीत पळापळ करणार असाल तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा.

अंधार म्हणजे दिवे बंद करणं नव्हे

दिवे बंद करून फोनवर शूट केलं की फोन आपणहून चित्र उजळतो, आणि काळ्याऐवजी करड्या रंगाचे वळवळणारे ठिपके मिळतात. मग मुलं म्हणतात कॅमेरा वाईट. कॅमेऱ्याला उजेड हवाच, फक्त एकाच बाजूने. एक टॉर्च पांढऱ्या थर्माकोलवर मारा, तो परतलेला उजेड चेहऱ्याच्या एका बाजूला घ्या, दुसरी बाजू बुडू द्या. डोळ्यात एक ठिपका चमकला पाहिजे. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि फोकस लॉक करा.

चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसत असतील तर तो दोष शटरचा, म्हणजे एक फ्रेम किती वेळ उजेड घेते त्याचा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोन मात्र बरेचदा सेकंदाला ३० फ्रेम्स आणि १/६० सेकंद शटरवर असतो. दोघांचा ताल जुळत नाही. शटर हाताने ठरवू देणाऱ्या कॅमेरा अॅपमध्ये २५ फ्रेम्स आणि १/५० शटर ठेवा, पट्टे जातील.

रात्रीचा प्रसंग रात्रीच शूट केला पाहिजे असंही नाही. खिडक्यांना गोधड्या लावून दुपारी तीन वाजता उत्तम रात्र मिळते, आणि कोणाच्या आईला जागावं लागत नाही.

आवाज शेवटी बघू, असं म्हणणं

हे वाक्य ऐकलं की मला फिल्मचा शेवट कळतो. इंटरनेटवरचं धडधडणारं संगीत पहिल्या सेकंदापासून लावलं की प्रेक्षक तिसऱ्या सेकंदाला बधिर होतो. शिवाय नियम असा की संगीत किंवा ध्वनी बाहेरून घेतलात तर ते कॉपीराइटमुक्त हवेत; बाकी सगळं तुमचं स्वतःचं. म्हणून आवाज गोळा करा. पंखा आणि फ्रिज बंद करा, सगळ्यांना गप्प बसवा आणि रिकाम्या खोलीचा नुसता आवाज ३० सेकंद रेकॉर्ड करा. एडिटमध्ये दोन शॉट्सच्या सांध्यावर हाच कामी येतो. झोपाळ्याची कुरकुर फोन हुकाजवळ नेऊन वेगळी घ्या. ती दोनदा ऐकवून तिसऱ्यांदा गाळली की प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकतो. मी हे वर्गात बघितलंय.

स्टोरीबोर्डला, म्हणजे शॉट्स चित्रांत मांडलेल्या वहीला, चार रकाने करा: चित्र, सेकंद, आवाज, टायटल. बहुतेकांच्या वहीत पहिलाच रकाना असतो, आणि मग टायटल्स शेवटी अभिनेत्याच्या कपाळावर येतात. दहा नावं प्रत्येकी तीन सेकंद म्हणजे फिल्मचा पाव भाग. त्यांच्यासाठी फ्रेममध्ये मोकळी भिंत आधीच राखून ठेवावी लागते. रक्त ठिबकणारा फॉन्ट नको. साधी अक्षरं जास्त थंड वाटतात.

सगळं केलं, तरी भीती वाटत नाही

मग शूटिंगआधी स्टोरीबोर्डचे फोटो काढून, ठरलेल्या सेकंदांनुसार फोनवर जोडा आणि खाली आवाज लावा. घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला गोष्ट माहीत नाही. त्याला आधी नुसतं ऐकवा, मग आवाज बंद करून दाखवा. कुठे तो फोनवरून नजर काढतो ते सेकंद लिहून ठेवा. त्या चौघांनी हे काकूंनाच दाखवलं. ८४व्या सेकंदाला काकू उठल्या, झोपाळ्याकडे गेल्या आणि कडी नीट अडकली आहे ना ते हात लावून बघून आल्या. मुलांनी तो शॉट तसाच ठेवला.