वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांबरोबर पुन्हा खेळायचं, तर...

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वजन भराभर उतरतं. ताकद मात्र त्या वेगाने येत नाही, कारण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून काटा 20 किलोंनी खाली आला तरी मुलाला कडेवर घेऊन जिना चढताना मांड्या थरथरू शकतात. यात शस्त्रक्रिया फसलेली नसते. ताकद वेगळी कमवावी लागते, एवढंच.

पहिले सहा आठवडे: चाला, पण उचलू नका

चालणं शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते औषधाइतकंच गरजेचं आहे. घरी आल्यावर एकदम लांब फेरी मारण्याऐवजी दिवसातून चार-पाच वेळा 5 ते 10 मिनिटं चाला आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली असली तरी साधारण 4 ते 6 आठवडे जड उचलायचं नसतं. किती किलोपर्यंत चालेल ते तुमच्या सर्जनला विचारा, बहुधा 5 किलोंच्या आसपासचा आकडा मिळेल. वर्षाचं मूलच 9-10 किलोंचं असतं, तेव्हा कडेवर घेणं बंद. त्वचेवरच्या जखमा लवकर भरलेल्या दिसतात, पण आतल्या थराला वेळ लागतो. त्यावर जोर आला तर तिथे हर्निया होऊ शकतो.

लहान मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटतं. कॅलेंडरवर तारीख रंगवून "या दिवसापासून पुन्हा उचलून घेणार" असं दाखवलं की ती वाट बघतात. तोवर तुम्ही सोफ्यावर बसा, पोटावर उशी धरा आणि मुलाला शेजारी चढू द्या.

ताकद कमवण्याची रीत

सर्जनने परवानगी दिली की आठवड्यातून 2-3 दिवस, मध्ये एक दिवस सोडून, खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा: 8 ते 10 वेळा, दोन फेऱ्या. त्याला भिंतीवर हात टेकून दंड काढण्याची जोड द्या. मूल उचलण्याचा सराव पाठीवरच्या पिशवीने करता येतो. तिच्यात 2 किलो वजन भरा, गुडघ्यांत वाकून ती छातीशी धरून उठा आणि उठताना श्वास सोडा. आठवड्याला किलोभर वाढवत मुलाच्या वजनापर्यंत पोचा. पाठ दुखली किंवा जखमेपाशी ओढ जाणवली तर मागच्या वजनावर या.

चालणं आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत न्या, पुढे जमेल तसं 300 पर्यंत. पकडापकडीची घाई नको. आधी मिनिटभर झपाझप आणि दोन मिनिटं सावकाश, असं चालून बघा. वजन घटलं म्हणून गुडघे लगेच तयार झाले असं नसतं.

पाणी: सहलीचा खरा घोळ इथे होतो

पूर्वी तहान लागली की ग्लासभर पाणी एका दमात पिता यायचं. आता पोटात तेवढी जागाच नाही, त्यामुळे मागे पडलेलं पाणी नंतर भरून काढता येत नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर लागतं, तेही घोट घोट. बाहेर जायचं असेल तर दोन तास आधीपासून प्यायला लागा आणि खेळताना दर 5-10 मिनिटांनी घोट घ्या. जेवताना पिऊ नका, जेवणानंतरही अर्धा तास थांबा. गडद लघवी आणि उभं राहताना येणारी चक्कर ही पाणी कमी पडल्याची खूण आहे.

एका टेबलावर जेवण

आधी प्रथिनं, मग बाकीचं. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात, ती कमी पडली तर व्यायाम करूनही स्नायू टिकत नाहीत. जेवणाला 20-30 मिनिटं द्या. उचकी लागणं, नाक वाहू लागणं किंवा छातीत दाब वाटणं म्हणजे थांबायची वेळ. मुलांच्या ताटात उरलेलं संपवायची सवय आत्ताच मोडा. दिवसभराच्या अशा घासांनीच वजन हळूहळू परत चढतं.

वाढदिवसाच्या गोडाधोडाने, विशेषतः जठराच्या बायपासनंतर (यात जठर लहान करून थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात), 10 ते 30 मिनिटांत धडधड, मुरडा, जुलाब होऊ शकतात. एक ते तीन तासांनी घाम आणि थरथर आली तर ती साखर उतरल्याची असू शकते, तिला खेळाचा थकवा समजू नका. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डोस बदलण्याबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला.

जोडीदाराने जाणून घ्यायचं

वजन उतरलं की गर्भधारणेची शक्यता पटकन वाढते, पण निदान 12 ते 18 महिने ती टाळायची असते. बायपासनंतर तोंडी गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच असं नाही, म्हणून दुसरा उपाय आधीच ठरवा. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. अंग दुखलं तर घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका, त्यांनी अल्सर होऊ शकतो.

विश्रांतीतही नाडी 120 च्या वर, ताप, डाव्या खांद्यात किंवा पोटात वाढती कळ, पोटरीला सूज, धाप: यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता रुग्णालयात न्या. उलट्या थांबत नसतील तर बी-1 जीवनसत्त्व घटून तोल जाऊ लागतो, एकाचे दोन दिसतात. अशा वेळी ग्लुकोजच्या सलाईनआधी बी-1 देणं गरजेचं असतं, म्हणून शस्त्रक्रियेची माहिती तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.