ग्वांगझौला माल घ्यायला गेलात तर अर्धा दिवस ग्वांगश्याओ मंदिराला द्या

मी पर्सच्या कारखान्यासाठी चेन आणि बकलं घ्यायला चीनमधल्या ग्वांगझौला जाते. तिथल्या कँटन फेअर या व्यापारी जत्रेला निघालेले ओळखीचे लोक विचारतात, "मोकळ्या वेळात काय बघू?" मी ग्वांगश्याओ हे बौद्ध मंदिर सांगते. "आधी ग्वांगश्याओ, मग शहर" अशा अर्थाची म्हणच आहे तिकडे, म्हणजे मंदिर शहराच्याही आधीचं.

दिवस ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा. चिनी महिन्यातला पहिला आणि पंधरावा दिवस म्हणजे, एखाद्या दिवसाच्या फरकाने, आपली अमावास्या-पौर्णिमा. त्या दिवशी उदबत्त्या लावायला ही गर्दी! पहिल्या खेपेला मी नेमकी पौर्णिमेलाच गेले आणि धुराने डोळे चोळत परतले.

फेअरजवळच्या फाजौ स्टेशनवरून आठ नंबरची मेट्रो पकडा. छनच्यात्सला गाडी बदलून एक नंबरने पुढचंच स्टेशन, शीमेनखौ. तिथून चालत. अलीपे हे पैसे भरायचं मोबाइल ॲप इथूनच सुरू करून घ्या, पासपोर्ट जवळ ठेवा.

उंबरठे उंच असतात. त्यांवर पाय द्यायचा नाही, ओलांडायचे. हे आपल्याला आजीनेच शिकवलंय. उदबत्त्या तीन पुरेत. ज्योत फुंकून नाही, हाताने विझवा आणि अंगणातल्या मोठ्या धूपपात्रात खोचा, आत नेऊ नका. आतल्या मूर्तींचे फोटो टाळा.

मग पिंपळाकडे जा आणि बसा. मूळ झाड ५०२ साली भारतातून आलेल्या भिक्खूने लावलं असं सांगतात. आजचं त्याच्या जागी नंतर लावलेलं. ६७६ साली त्या पिंपळाखाली हुइनेंगचं मुंडण झालं, तेच पुढे झेन या बौद्ध पंथाचे सहावे आचार्य. केस पुरले तिथे छोटा स्तूप आहे. त्यांची गोष्ट इथलीच: ध्वज हलतोय की वारा, यावर दोन भिक्खूंचं भांडण जुंपलेलं; हुइनेंग म्हणाले, हलतंय ते तुमचं मन. मालाच्या भावावरून डोकं फिरलेलं असताना मी तिथे तासभर बसले आहे.

९६३ आणि ९६७ सालचे लोखंडी मनोरेही बघा, ओतकामाची नजर असेल तर जास्तच.

शाकाहारी असाल तर "वो छ्र सू", म्हणजे "मी शाकाहारी खाते/खातो", पाठ करा. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी खानावळीत कांदा-लसूणही नसतो. साध्या हॉटेलात मात्र जपून: हिरव्या पालेभाजीवर चकाकणारा रस बहुतेक वेळा ऑयस्टर सॉस असतो, म्हणजे कालवांचा.