वीरगळ पाहायचा कसा?

गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराशेजारी, जुन्या शिवमंदिराच्या आवारात एखादी कोरीव शिळा उभी असते. लोक तिला पाठ टेकून बसतात. लढता लढता मेलेल्या माणसाचं ते स्मारक, वीरगळ. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड, त्यावरून हा शब्द आला. महाराष्ट्रातले बरेचसे वीरगळ शिलाहार-यादव काळातले मानले जातात, म्हणजे शिवकाळाच्याही कितीतरी आधीचे. त्यामुळे कुणी 'हे महाराजांचे मावळे' असं सांगितलं तर ऐकून घ्या, पण वहीत तसं लिहू नका.

आधी उजेडाचं बघा. काळा बसाल्ट शेकडो पावसाळे खाऊन झिजलेला असतो, आणि दुपारच्या उन्हात शिळा कोरीच वाटते. लोक पाच मिनिटांत परत फिरतात ते यामुळेच. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. ऊन एका बाजूने, दगडाला घासून आलं की आकृत्या उठून दिसतात. शिळा उत्तरेकडे तोंड करून असेल किंवा छपराखाली असेल तर बॅटरी लागते. समोरून झोत मारला की सावल्या मरतात, म्हणून बॅटरी दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून धरा. दोघं असाल तर एकाने बॅटरी धरायची, दुसऱ्याने पाहायचं. भर दुपारी पोचलात तर छत्रीने शिळेवर सावली करा आणि हातभर आरशाने बाजूने कवडसा टाका. पाणी ओतू नका, ओला बसाल्ट चकाकतो आणि आहे तेही दिसेनासं होतं.

वाचायचं खालून वर. शिळेवर साधारण तीन ते पाच आडवे कप्पे असतात. सगळ्यात खाली वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाईगुरं असतील तर गोधन सोडवताना तो पडला. त्यावर लढाई: ढाल-तलवार, कधी घोडा, कधी हत्ती. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, बहुधा सोबत पुजारी, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहील. तळाचा कप्पा अनेकदा जमिनीत गेलेला असतो. मेलेला वीर दिसत नाही म्हणून हा वीरगळच नव्हे असं ठरवू नका, आणि उकरूही नका. शिळेच्या मागेही जाऊन या. काही वीरगळ चारही बाजूंनी कोरलेले असतात.

चंद्र-सूर्य दिसला की वीरगळ, हा हमखास होणारा घोटाळा आहे. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला उभा हात असेल तर ती सतीशिळा. वीरगळाशेजारी ती पुष्कळदा सापडते, कधी एकाच दगडावर दोन्ही असतात. चंद्र-सूर्याखाली लेख आणि त्याखाली गाढव व स्त्री असेल तर तो गधेगळ: दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी. त्याचा लढाईशी संबंध नाही.

फोटो काढताना खाली बसा, मोबाईल शिळेच्या मध्याच्या उंचीवर आणि तिला समांतर धरा, फ्लॅश बंद ठेवा. आधी पूर्ण शिळा, मग एकेक कप्पा. शेजारी फूटपट्टी उभी करा, नाहीतर दोन फुटी दगड पाच फुटी वाटतो. कप्प्यांमधल्या पट्ट्यांवर बोट न लावता बॅटरी फिरवा. लेख असलाच तर बऱ्याचदा तिथेच असतो. अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणं, शेंदूर खरवडणं, तारेचा ब्रश मारणं, यातलं काहीही करू नका. झिजलेल्या दगडाची उरलीसुरली कड त्यात जाते. सुकलेली पानं हाताने काढलीत तरी पुरे. पूजेतली शिळा असेल तर चपला काढून, गुरवाला विचारून जवळ जा.

शिळा हलवून 'नीट' मांडण्याचा मोह तर टाळाच. ती वेशीवर आहे की शेतात, हीसुद्धा माहितीच आहे, आणि दगड हलला की ती कायमची गेली. उघड्यावर फुटत असेल तर जागेच्या फोटोंसह ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

सुरुवात किकलीपासून करा. वाई तालुक्यात, चंदन-वंदन गडांच्या पायथ्याला, भैरवनाथाच्या देवळाजवळ इतके वीरगळ आहेत की एका सकाळीत डोळा तयार होतो. मग मुंबईत बोरिवलीजवळचं एकसर. आता त्याच नावाचं मेट्रो स्थानकही आहे. तिथले वीरगळ माणसाहून उंच, आणि त्यांवर चक्क आरमारी लढाई. तेराव्या शतकात यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात समुद्रावर जी झुंज झाली, तिच्याशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. इथे बॅटरी जहाजांच्या बाजूवर आडवी धरा: वल्ह्यांची रांग एकेक करून सावलीतून वर येते.