परसातील मिश्र कळपात ब्रॉयलर कोंबड्यांचा छळ कसा थांबवावा

गावरान कोंबड्यांच्या जोडीला चार-सहा ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या जातीचे पक्षी, पाळले की अंगाने सर्वांत भारी असलेला पक्षीच कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला दिसतो आणि एखादी सडपातळ तलंगसुद्धा (वयात येणारी कोंबडी) त्याला खाद्यावरून हुसकावून लावते. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत सुमारे २ किलोचा होतो, म्हणजे पूर्ण वाढलेल्या बहुतेक गावरान कोंबड्यांहून जड. पण वयाने तो अजून पिल्लूच असतो आणि त्याचा आवाजही पिल्लाचाच असतो. छातीचे मांस झपाट्याने वाढते, पाय आणि हृदय मात्र त्या वेगाने बळकट होत नाहीत. त्यामुळे त्याला धड पळता येत नाही, उडून उंचावर बसता येत नाही आणि उलट टोच मारण्याइतकी चपळाईही त्याच्यात नसते. आकार पाहून त्याला मोठ्यांत सोडणे ही म्हणूनच गफलत ठरते.

सर्वप्रथम, छळ कशाला म्हणायचे ते ठरवावे. कळपात कोणी कोणाला टोचावे याची एक उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे वर्णन केले होते. एक टोच, समोरच्याने बाजूला होणे आणि विषय संपणे, हे नेहमीचे आहे व त्यात पडू नये. पाठलाग चालूच राहिला, एखाद्या पक्ष्याला दिवसभर खाद्य-पाण्याजवळ येऊ दिले नाही, पाठीवरची किंवा शेपटीच्या बुंध्याची पिसे उपटली गेली किंवा रक्त दिसले, तर मात्र त्याच दिवशी हात घालावा.

नवे पक्षी आणल्यावर त्यांना तीन-चार आठवडे पूर्ण वेगळे ठेवावे. राणीखेतसारखे रोग याच वाटेने कळपात शिरतात, म्हणून लसीकरण झाले आहे का, याचीही विक्रेत्याकडे चौकशी करावी. त्यानंतर एकाच आवारात मधे तारेची जाळी लावून आठ-दहा दिवस दोन्ही गटांना एकमेकांना पाहू द्यावे. एकत्र सोडताना ब्रॉयलर एकेकटे न सोडता सगळे मिळून सोडावेत आणि पहिले काही दिवस आपण जवळ असू अशाच वेळी सोडावेत. त्या काळात खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी किंवा पिल्लांची आई कळपात असेल, तर तिला आधी वेगळ्या खुराड्यात हलवावे, कारण परक्या पिल्लांवर ती विशेष त्वेषाने धावून जाते. असील या झुंजीच्या जातीच्या पक्ष्यांबरोबर ब्रॉयलर ठेवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

छळाचे मूळ बहुधा खाद्याच्या भांड्यापाशी सापडते. एकच भांडे असेल, तर वरचढ कोंबडी त्यावर ठाण मांडते. म्हणून खाद्याची व पाण्याची किमान दोन-तीन भांडी एकमेकांपासून दूर, एका जागेवरून दुसरे दिसणार नाही अशी ठेवावीत. मधे पोते बांधलेली चौकट, जुना पत्रा किंवा कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या, तरी पाठलाग तुटतो. मात्र अशा आडोशाला दोन बाजूंनी वाट असावी, नाहीतर लपलेला पक्षी तिथेच कोंडला जातो. खाद्य कोणते द्यावे, हाही प्रश्न येतो. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम बरेच जास्त असते आणि ते वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना घातक ठरते. म्हणून सर्वांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचे, खाद्य द्यावे आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. शेवग्याचा पाला, मेथीच्या काड्या किंवा कोबीचा गड्डा चोच पोहोचेल इतक्या उंचीवर टांगल्यास गावरान कोंबड्या त्यात गुंतून राहतात.

गर्दी आणि उष्मा यांनी टोचण्याचे प्रमाण वाढते. बंदिस्त जागेत प्रत्येक पक्ष्यामागे निदान चार चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट जागा द्यावी. एप्रिल-मेच्या दुपारी ब्रॉयलर चोच उघडून धापा टाकत बसतो व अशा वेळी तो पूर्ण असहाय असतो, त्यामुळे सावली आणि गार पाणी त्याच्या अगदी जवळ असावे. रात्री दांडीवर त्याला चढता येत नाही. त्याच्यासाठी भाताच्या तुसाचा जाड, कोरडा थर जमिनीवरच करावा, पण तो दांडीखाली नसावा, कारण वरच्या कोंबड्यांची विष्ठा अंगावर पडते.

इतके करूनही छळ थांबला नाही, तर टोच खाणाऱ्याला नव्हे, टोचणाऱ्याला बाहेर काढावे. चार-पाच दिवस कळपाच्या नजरेआड ठेवलेली कोंबडी परतते, तेव्हा उतरंडीतली तिची जागा बहुधा गेलेली असते. कोंबडे जास्त असतील, तर आठ-दहा माद्यांमागे एकच ठेवावा. वजनदार मादीला वाकून सुटका करून घेता येत नाही आणि तिची पाठ नखांनी फाटते.

हे सगळे सांभाळण्याइतका वेळ नसेल, तर ब्रॉयलरांना कापण्यापर्यंतचे त्यांचे सहा ते आठ आठवडे जाळीपलीकडेच वाढवावे. त्या पक्ष्यांच्या दृष्टीने मला हाच मार्ग अधिक दयाळू वाटतो.

जखमी पक्षी मात्र तत्काळ वेगळा करावा, कारण लाल रंग दिसताच शांत कोंबड्याही टोचू लागतात. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावावे, माश्या बसू देऊ नयेत आणि खपली धरून पिसे फुटेपर्यंत त्याला परत सोडू नये. प्रतिजैविक केवळ पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावे आणि ते दिल्यानंतर मांस किती दिवस खाऊ नये, हे त्यांना विचारून तेवढे दिवस तो पक्षी कापू नये.