भंगाराच्या काट्यापासून सुरुवात करा

चाकणला प्रेस-पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी १४ वर्षं परचेसमध्ये काढली. मग एक दिवस एमडींनी बोलावून सांगितलं, "उद्यापासून कम्प्लायन्स तुमच्याकडे." म्हणजे कंपनीत कायदे-नियम पाळले जातात ना, ते बघायचं काम. मी सगळे करतात तेच केलं. सल्लागाराकडून ३२ पानी इंग्रजी आचारसंहिता करून घेतली, ४०० जणांच्या सह्या घेतल्या, फाइल लावली. महिन्याभराने एका ऑपरेटरने विचारलं, "मॅडम, तो बोनसचा फॉर्म भरून घेतला होता, त्याचं काय झालं?"

तेव्हा ही जबाबदारी तुमच्याकडे आली, तर पहिलं काम हे करा: ती ३२ पानं कपाटात ठेवा आणि मराठी-हिंदीत एकच पान लिहा. ‘सचोटी’, ‘पारदर्शकता’ वगैरे त्यात नको, प्रसंग हवेत. ट्रान्सपोर्टवाल्याने मुलीच्या लग्नात जाडजूड पाकीट दिलं तर काय करायचं? सुपरवायझर म्हणाला ‘सही कर, रीडिंग मागाहून भरू’, तर फोन कुणाला करायचा? असे प्रसंग केबिनमध्ये बसून सुचत नाहीत, कॅन्टीनमध्ये चहा पिताना कानावर येतात.

मग भंगाराच्या काट्यावर, म्हणजे विकलेलं भंगार नेणाऱ्या गाड्यांचं वजन होतं तिथे, जाऊन उभे राहा. मी तीन दिवस उभी होते. रिकाम्या गाडीचं वजन जास्त लागलं की भरल्यावर निव्वळ माल कमी दिसतो, सगळी मेख एवढीच. म्हणून रिकामी गाडी काट्यावर येते तेव्हा ड्रायव्हर-क्लीनर आत बसलेले, पाण्याचा पिंप काठोकाठ भरलेला, एखादी जास्तीची स्टेपनी टाकलेली. माल भरायच्या आधी पिंप ओतायचा, स्टेपनी उतरवायची, माणसं खाली. उपाय साधे आहेत. रिकामं वजन दर खेपेला घ्या, गाडीत कोणी नको, काट्यावर स्टोअर, अकाउंट्स आणि सिक्युरिटी अशी तीन खात्यांची माणसं हवीत आणि ती दर महिन्याला बदला. अधूनमधून, न सांगता, गाडी बाहेरच्या धर्मकाट्यावर (सार्वजनिक वजनकाट्यावर) न्या. शिवाय हिशोब मांडा: कॉइल (पत्र्याची गुंडाळी) किती वापरली, पार्ट किती निघाले, एका पार्टचं वजन किती. यावरून भंगार किती निघायला हवं ते कळतं. काट्याच्या पावत्यांची बेरीज त्याच्याशी दर महिन्याला ताडून पाहा.

एवढ्याशा गोष्टीपासून सुरुवात का, असं वाटेल. भंगारातली चोरी खाली सगळ्यांना माहीत असते, फक्त वरच्या मजल्यावर नसते. ती बंद झाली की तुमचं ते एक पान लोक वाचायला लागतात.

दिवाळीच्या भेटींचं मला जरा अवघड जातं, कारण परचेसमध्ये असताना मीही एका सप्लायरचा मिक्सर घरी नेला होता. सासूबाईंनी विचारलं, "किती पडले?" म्हटलं, "भेट आहे." त्या म्हणाल्या, "म्हणजे किती द्यावे लागणार?" आता आम्ही दसऱ्याआधी सप्लायरना पत्र पाठवतो: भेट नको, आणलीच तर गेटवर नोंद होईल. जे येतं त्याची सोडत काढतो, ठेक्यावरच्या कामगारांसकट सगळ्यांची. पहिल्या वर्षी रजिस्टरमधली पहिली नोंद एमडींच्या चांदीच्या ताटाची होती. तशी ती नसेल तर सोडत काढूच नका, फुकट हसं होतं.

लाच बहुतेक अडलेल्या बिलापाशी सुरू होते. लघुउद्योजकाने पार्ट दिले, बिल चार महिने टेबलावर पडून. मग तो क्लार्कला ‘बघा जरा’ म्हणत काहीतरी सरकवतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. कोणतं बिल कोणत्या तारखेला निघणार ते सप्लायरला आपणहून कळवा. अडवायला काही उरलंच नाही, तर सोडवायचे पैसे कोण देईल?

सरकारी कचेऱ्यांचंही तसंच. परवान्यांच्या मुदतीची यादी करा आणि दोन महिने आधी अर्ज टाका. शेवटच्या दिवशी गेलेल्या फाइलला पाय लागतात ते पैशांचेच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली तर ७ दिवसांत तपासयंत्रणेला कळवावं लागतं. कंपनीवरही खटला होऊ शकतो. लाच रोखायची पुरेशी व्यवस्था होती हे तिला दाखवावं लागतं. सह्यांच्या फाइलवर मी तरी भिस्त ठेवणार नाही.

तक्रारपेटी मी मॅनेजरच्या केबिनसमोर, कॅमेऱ्याखाली लावली होती. सहा महिन्यांत तिच्यात चॉकलेटचे दोन कागद आणि कॅन्टीनच्या पोह्यांबद्दल एक चिठ्ठी निघाली. पेटी बसथांब्याजवळ न्या, आणि कंपनीबाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाचा नंबर द्या. लैंगिक छळाच्या तक्रारींची वाट वेगळी आहे. १० किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य कंपनीबाहेरून. समिती कागदावर असते, पण तिच्यावर कोण आहे ते महिला कामगारांना विचारून बघा.

तक्रार करणाऱ्याला लगेच कोणी काढत नाही. सहा महिन्यांनी त्याची शिफ्ट बदलते, ओव्हरटाइम बंद होतो, इन्क्रिमेंटला ‘टीमवर्क कमी’ असा शेरा पडतो. म्हणून तक्रारदारांची नावं स्वतःजवळ ठेवा आणि वर्षभर त्यांचे पगार, शिफ्ट, बदल्या तपासा. माझ्या मते या नोकरीतलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच, आणि ते कुठल्याच ऑडिटच्या यादीत नसतं.

आमची खरी परीक्षा मार्चअखेर आली. इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये ५० पार्टची मापं तिसऱ्या दशांशापर्यंत तंतोतंत सारखी! कॅन्टीनमध्ये बसून भरलेली. ज्याच्या हुकमावरून ती भरली तो माणूस दरवर्षी टार्गेट पूर्ण करणारा. त्याला वाचवायला तिघे संचालक आले. मी त्यांच्यापुढे सत्यम या आयटी कंपनीची आठवण काढली. २००८ मध्ये सुशासनाचं पारितोषिक, आणि ७ जानेवारी २००९ च्या पत्रात अध्यक्ष रामलिंग राजूंची कबुली: ताळेबंदातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. सुरुवातीला फरक किरकोळ होता, असंही त्यांनी लिहिलं होतं. आमच्या त्या माणसाची नोकरी गेली. खोटी मापं भरणाऱ्या पोरांना मात्र आम्ही ठेवलं, आणि मार्चचं डिस्पॅच टार्गेट कमी केलं, कारण त्या वेगात खरं माप घ्यायला वेळच नव्हता.

आणखी एक. तक्रारी वाढणार आहेत, हे संचालकांना आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी ३ आल्या, दुसऱ्या वर्षी २१. बैठकीत एक जण म्हणाले, "बाई, तुम्ही यायच्या आधी बरं चाललं होतं की!"