किशोरांसाठी साहसकथा लिहिताना: आधी हिशेब, मग थरार

वादळ, वाघ आणि दरी पहिल्याच पानावर आणली की गोष्ट थरारक होते, हा समज आधी सोडून द्यायला हवा. वाटेल ते घडू शकतं असं दिसलं की वाचणाऱ्या मुलाला कशाचीच भीती उरत नाही. बाटलीत चार घोट शिल्लक आहेत आणि उजाडायला नऊ तास आहेत, एवढं त्याला नेमकं ठाऊक असेल, तर मात्र ते पान उलटतंच. म्हणून कथानकाआधी हिशेबाची वही करावी.

वहीचं पहिलं पान शरीराचं. गिर्यारोहक आणि बचावपथकं एक ढोबळ नियम वापरतात: हवेशिवाय ३ मिनिटं, कडाक्याच्या थंडीत आडोशाशिवाय ३ तास, पाण्याशिवाय ३ दिवस, अन्नाशिवाय ३ आठवडे. हे आकडे काटेकोर नाहीत, पण क्रम पक्का आहे. बहुतेक कच्च्या गोष्टींत हरवलेली मुलं पहिल्याच दुपारी फळं शोधायला निघतात. खरं तर त्या दुपारी आडोसा आणि कोरडे कपडे महत्त्वाचे असतात. भुकेला वेळ असतो.

लेखकासाठी सगळ्यात कसदार संकट थंडीचं. त्याला बर्फ लागत नाही. भिजलेले कपडे आणि वारा पुरतो. शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअसवरून ३५ च्या खाली गेलं की हुडहुडी वाढते, बोटं गुंडी लावू शकत नाहीत, बोलणं अडखळतं, निर्णय चुकतात. त्याहून खाली गेल्यावर हुडहुडी थांबते, आणि ही सुधारणा नसून धोक्याची खूण असते. ही माहिती दुसऱ्या प्रकरणात सहज बोलण्यात येऊ द्या. मग सातव्या प्रकरणात धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, आता थंडी वाजत नाहीये,” तर वाचकाचा श्वास अडकेल. वाघाची गरज पडणार नाही.

दुसरं पान सामानाचं. मुलांकडे सहा-सात वस्तूंपेक्षा जास्त काही नको. प्रत्येक वस्तूचं प्रमाण लिहा: एक लिटरची बाटली, पाऊण भरलेली, सात काड्यांची काडेपेटी, त्यातल्या दोन ओल्या. रोज संध्याकाळी काय उरलं ते तारखेसह मांडा, नाहीतर तिसऱ्या दिवशी संपलेली दोरी पाचव्या दिवशी परत येते आणि मुलं ती चूक हमखास पकडतात. निदान एक वस्तू मूळ कामापेक्षा वेगळ्याच कामी यावी, एक ऐन वेळी निकामी व्हावी. मोबाइलचा प्रश्न पहिल्याच प्रकरणात मिटवा. रेंज नसणं पटतं, थंडीत बॅटरी लवकर उतरणंही पटतं. तो नेमका घरीच विसरला होता, हे आता कुणाला पटत नाही.

तिसरं पान घड्याळाचं आणि नकाशाचं. नकाशा स्वतः काढा, वाईट आला तरी चालेल. बऱ्या पायवाटेवर मोठा माणूस ताशी ५ किलोमीटर चालतो आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास लागतो, हा गिर्यारोहकांचा जुना ठोकताळा. वाट नसलेल्या रानात थकलेली मुलं ताशी एक-दीड किलोमीटर चालली तरी खूप. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे सोमवारी पौर्णिमा असेल तर त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता चांदणं पाडता येत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३ सेकंद म्हणजे साधारण १ किलोमीटर. हे मोजायला मुलांना आवडतं, आणि आकडा घटत गेला की प्रसंग आपोआप ताणला जातो.

या तीन पानांतूनच कथानक निघतं. समजा, भावंडं सकाळी आठला ओहोटीत एका खडकाळ बेटावर चालत गेली. भरती-ओहोटीत सुमारे सव्वासहा तास जातात, म्हणजे पाणी दोनच्या सुमारास सर्वांत वर आणि रात्री साडेआठच्या आसपास पुन्हा खाली. अमावास्या असल्याने उधाण मोठं आहे आणि रात्री उजेड नाही. आता दोनच वाटा उरतात: अंधारात शेवाळलेल्या खडकांवरून परतायचं, की ओल्या कपड्यांत सकाळी नऊच्या ओहोटीची वाट पाहायची? दोन्हींची किंमत वाचकाला दिसते. प्रकरण अशा निर्णयावर संपवावं, किंकाळीवर नाही. किंकाळीचा परिणाम दुसऱ्या वेळेपर्यंतच टिकतो.

सुटका मुलांनीच करायची, आणि त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीतूनच. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूच्या जंगलावर विमान कोसळलं आणि १७ वर्षांची ज्युलियाने कोपके एकटीच वाचली. चष्मा हरवलेला, पायात एकच सँडल. प्रवाहाच्या कडेने गेलं की मोठी नदी आणि माणसं सापडतात, हे तिला वडिलांनी शिकवलेलं होतं. त्याच आधारावर ती अकराव्या दिवशी माणसांपर्यंत पोहोचली. मात्र प्रवाहाची वाट सगळीकडे चालत नाही; डोंगरात तीच धबधब्याच्या टोकावर नेऊन सोडते. म्हणून नायिकेचं ज्ञान त्या भूभागाला लागू पडणारं हवं आणि संकटाच्या खूप आधी पेरलेलं हवं. ऐन वेळी आठवलेलं ज्ञान वाचकाला फसवणूक वाटतं. प्रत्येक उपायातून पुढची अडचणही निघू द्या: शेकोटी पेटली, पण गुहेत धूर कोंडला, बाहेर यावं लागलं, तर पाऊस.

आता सगळ्यात जबाबदारीची बाब. मुलं वाचलेलं करून पाहतात. त्यामुळे चुकीची युक्ती गोष्टीत यशस्वी होता कामा नये. साप चावल्यावर जखम कापणं, विष चोखणं, करकचून बांधणं हे सगळं घातक आहे. पात्राला स्थिर ठेवून लवकरात लवकर दवाखान्यात न्यायला हवं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी लागतं, म्हणून ते पिणारा आणखी कोरडा पडतो. ओढ्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळावं, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. त्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. लांबचं न दिसणाऱ्याच्या चष्म्याने जाळ पेटत नाही, कारण ती भिंगं प्रकाश गोळा न करता पसरवतात. शेवाळ झाडाच्या ठरावीक बाजूलाच वाढतं, हेही भरवशाचं नाही. अनोळखी फळ चाखून पाहणारं पात्र आजारी तरी पडावं किंवा त्याला कुणी तरी अडवावं.

भाषेबद्दल थोडकं. ‘भयानक’, ‘प्रचंड’, ‘अंगावर काटा’ हे शब्द काढा आणि त्या जागी हात काय करत आहेत ते लिहा. धावपळीत वाक्यं आखूड ठेवा. नायक वाचकापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा असावा आणि मोठी माणसं दूर असण्याचं कारण पटणारं असावं. त्यांना मूर्ख ठरवणं हा आळस आहे.

शेवटी हेलिकॉप्टर आपोआप येऊ नये. मुलांनी त्याला बोलवायला हवं: तीन शिट्ट्या, थांबून पुन्हा तीन, किंवा मोकळ्या जागेत जमिनीच्या रंगाहून वेगळ्या दगडांची सरळ, लांब रेघ, कारण निसर्गात सरळ रेषा क्वचितच दिसते आणि वरून ती लगेच खटकते. एका जागी थांबून राहणं हाही पराक्रम आहे, हे गोष्टीत दिसू द्या. सुटकेनंतर अर्धं पान तरी ठेवा: फोड आलेले पाय, बसलेला आवाज, आईचा न थांबणारा प्रश्नांचा मारा. मग कच्चा खर्डा त्या वयाच्या दोन-तीन मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. “पण त्यांच्याकडे दोरी होती ना?” असा प्रश्न आला, की वहीचं दुसरं पान पुन्हा उघडा.